डाएट, झिरो की ‘कमी साखर’? मधुमेहात कोणता कोला चालतो

नमस्कार. आपला प्रश्न मी असा समजले आहे : वय ४७, काही महिन्यांपूर्वी टाइप २ मधुमेहाचे निदान झाले, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइडची एकत्रित गोळी सुरू आहे आणि दुपारच्या जेवणानंतर ऑफिसमध्ये अर्धा लिटर कोला पिण्याची जुनी सवय सुटत नाही. डाएट, झिरो, ‘नो शुगर’ आणि ‘कमी साखर’ अशा नावांच्या बाटल्यांपैकी कोणती चालेल आणि दिवसाला किती चालेल, हे आपण विचारले आहे. इंग्लंडमध्ये राहणारे आपले मेहुणे ‘इथल्या साध्या पेप्सीतच आता साखर निम्म्याहून कमी आहे, ती खुशाल प्यावी’ असे म्हणतात, त्यात कितपत तथ्य आहे हेही आपल्याला जाणून घ्यायचे आहे. मी मधुमेहाच्या रुग्णांसाठी काम करणारी आहारतज्ज्ञ आहे. हा प्रश्न दवाखान्यात वरचेवर येतो, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

आपण बाटलीचे नाव विचारले आहे, परंतु त्याआधी एक गोष्ट पाहावी लागते : ती बाटली आपल्या दिवसात कशाच्या जागी येणार आहे? रोजच्या साखरेच्या कोलाच्या जागी बिनसाखरेचा कोला आला, तर फायदा ठोस आणि मोजता येण्याजोगा आहे. ज्याने कोला कधी घेतलाच नाही, त्याने ‘आता शुगर झाली, म्हणून डाएट घेऊ या’ म्हणत पाण्याच्या किंवा ताकाच्या जागी तो सुरू केला, तर त्यात मिळवण्यासारखे काहीच नाही. आपण पहिल्या प्रकारात मोडता, म्हणून माझे उत्तर त्याच बाजूने आहे.

आधी हिशेब पाहू. साध्या कोलात १०० मिलिलिटरमागे साधारण साडेदहा ग्रॅम साखर असते, म्हणजे अर्ध्या लिटरच्या बाटलीत ५० ग्रॅमच्या वर. चहाच्या चमच्यांत मोजली तर ही साखर बारा-तेरा चमचे होते आणि रोजच्या एका बाटलीने महिन्याकाठी दीड किलोच्या आसपास पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर एकूण उष्मांकांच्या १० टक्क्यांच्या आत आणि शक्य तर ५ टक्क्यांच्या आत ठेवावी असे सांगते. दिवसाला २००० कॅलरी घेणाऱ्या माणसासाठी ५ टक्के म्हणजे सुमारे २५ ग्रॅम. शिवाय द्रवरूप साखरेला चावावे लागत नाही आणि तिच्यासोबत तंतू किंवा प्रथिने नसल्यामुळे ती रक्तात फार लवकर उतरते. वरणभात-पोळीच्या जेवणानंतर रक्तशर्करा चढत असते, नेमक्या त्याच वेळी आपण तिच्यावर हे ५० ग्रॅम ओतत आहात. निव्वळ ही एक गोष्ट बदलली, तरी जेवणानंतरच्या तपासणीचा आकडा सहसा लगेच बोलतो.

आता नावांकडे वळू. बाटलीच्या दर्शनी बाजूवरचे शब्द बाजूला ठेवावेत आणि मागच्या तक्त्यातील ‘एकूण साखर, प्रति १०० मिली’ ही एक ओळ आधी वाचावी, असे मी सर्वांना सांगते. भारतातील अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या नियमांनुसार ‘शुगर फ्री’ म्हणवणाऱ्या पेयात १०० मिलिलिटरमागे ०.५ ग्रॅमपेक्षा जास्त साखर चालत नाही आणि ‘लो शुगर’ म्हणायचे असेल तर ती २.५ ग्रॅमच्या आत असावी लागते. ‘आमच्याच आधीच्या पेयापेक्षा कमी साखर’ असा तुलनेचा दावा मात्र २५ टक्के फरक असला तरी करता येतो. साडेदहा ग्रॅममधून २५ टक्के वजा केले, तर जवळपास आठ ग्रॅम उरतात. अशा पेयाची अर्धा लिटरची बाटली घेतली, तर ‘कमी साखर’ वाचूनही आपण ४० ग्रॅम साखर पितो. खरी सीमारेषा ‘शून्य’ आणि ‘कमी’ यांच्यामध्ये आहे. डाएट, झिरो, ब्लॅक, मॅक्स आणि नो शुगर ही सगळी नावे त्या रेषेच्या एकाच बाजूला येतात आणि रक्तशर्करेच्या दृष्टीने त्यांच्यात फरक नाही.

आपल्या मेहुण्यांचे म्हणणे वस्तुस्थितीला धरून आहे, पण निष्कर्ष चुकतो. ब्रिटनमध्ये एप्रिल २०१८ पासून शीतपेयांवर साखरेच्या प्रमाणानुसार कर लागू झाला आणि १०० मिलिलिटरमागे ५ ग्रॅमच्या खाली असलेली पेये त्यातून सुटली. पेप्सीने २०२३ मध्ये तिथल्या साध्या पेप्सीतील साखर ४.५५ ग्रॅमवर आणली आणि गोडीतली तूट स्वीटनर घालून भरून काढली, तर साध्या कोका-कोलाने कर सोसून आपले सुमारे १०.६ ग्रॅमचे प्रमाण कायम ठेवले. तिथल्या पेप्सीच्या ३३० मिलिलिटरच्या कॅनमध्ये त्यामुळे अजूनही १५ ग्रॅम साखर आहे. निरोगी माणसाला ही सुधारणा नक्कीच उपयोगाची आहे. जेवणानंतर रोज घेणाऱ्या मधुमेहीसाठी मात्र ती जवळपास चार चमचे साखर आहे, आणि तिच्या शेजारीच तिथे शून्य साखरेची बाटली उभी असते. आपल्याकडे तर करातून असा इशाराही मिळत नाही. सप्टेंबर २०२५ पासून गोड वायुयुक्त पेयांवर ४० टक्के वस्तू आणि सेवा कर आहे आणि गोडी साखरेची असो वा स्वीटनरची, दर तोच आहे. मला हे धोरण पटत नाही. पण तो निराळा विषय झाला.

या मधल्या, म्हणजे अर्ध्या साखरेच्या कोलांचा इतिहासही बोलका आहे. कोका-कोलाने २००४ मध्ये ‘सी २’ आणि पेप्सीने त्याच वर्षी ‘पेप्सी एज’ आणले, दोन्हींत साखर निम्मी होती आणि दोन्ही काही वर्षांतच बंद झाले. २०१२ मध्ये अमेरिकेत ‘पेप्सी नेक्स्ट’ आला आणि २०१३ मध्ये अर्जेंटिना व चिलीत साखर आणि स्टीव्हिया यांच्या मिश्रणाचा, हिरव्या वेष्टनाचा ‘कोका-कोला लाइफ’ आला. त्यांनाही फारसे आयुष्य लाभले नाही. माझ्या मते कारण सरळ आहे. ज्याला साखरेची चव हवी तो पूर्ण साखरेचेच पेय घेतो, ज्याला साखर टाळायची आहे तो शून्याकडे जातो आणि मधल्या बाटलीला ग्राहकच उरत नाही. ब्रिटनमध्ये ती टिकली, ती कराच्या धाकाने.

शून्य साखरेच्या गटात डाएट आणि झिरो असे दोन प्रकार का असतात, हे पुष्कळ जण विचारतात. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधील कर्श कंपनीने १९५२ मध्ये ‘नो-कॅल’ हे पेय आणले, ते मुळात तिथल्या एका रुग्णालयातील मधुमेही रुग्णांसाठी होते. वजन कमी करू पाहणारा ग्राहक त्यानंतर या पेयांकडे वळला. १९५८ मध्ये रॉयल क्राउनचा ‘डाएट राइट’, १९६३ मध्ये कोका-कोलाचा ‘टॅब’ आणि १९६४ मध्ये ‘डाएट पेप्सी’ अशी रांग लागली. ‘डाएट कोक’ १९८२ चा. तो साध्या कोकमधून साखर काढून केलेला नाही, त्याची चव मुळातच वेगळी आणि हलकी बांधलेली आहे. २००५ मध्ये आलेल्या ‘कोक झिरो’चा उद्देश नेमका उलट होता : साध्या कोकच्या जितके जवळ जाता येईल तितके जायचे. पेप्सीच्या घरात १९९३ च्या ‘पेप्सी मॅक्स’ने हेच काम केले आणि आपल्याकडे ‘पेप्सी ब्लॅक’ त्याच वळणाचा आहे. सवय सोडणाऱ्याने झिरो किंवा ब्लॅक घ्यावा, कारण चवीतला बदल कमी जाणवतो आणि माणूस आठवड्याभरात परत साखरेकडे वळत नाही. एरवी डाएट आणि झिरोमधली निवड ही केवळ जिभेची आहे.

तरीही शून्य साखरेचा कोला साध्या कोलासारखा हुबेहूब लागत नाही, कारण साखर गोडीबरोबर पेयाला दाटपणाही देते. न उघडलेले दोन कॅन पाण्याच्या बादलीत टाकून पाहा, साध्या कोलाचा सहसा बुडतो आणि डाएटचा तरंगतो. दोघांमधल्या साखरेचे वजन असे डोळ्यांना दिसते. स्वीटनर लागतो अगदी थोडा. अ‍ॅस्पार्टेम साखरेच्या सुमारे २०० पट गोड आहे, पण त्याची गोडी जिभेवर उशिरा येते आणि रेंगाळते. अ‍ॅसिसल्फेम-के साधारण तितकाच गोड, त्याची गोडी लवकर येते, मात्र मागे किंचित कडवटपणा राहतो. दोन्ही एकत्र केले की उणिवा झाकल्या जातात आणि एकूण प्रमाणही कमी लागते, म्हणून बहुतेक शून्य साखरेच्या कोलांत एकाहून जास्त स्वीटनर असतात. घटकांच्या यादीत ९५० म्हणजे अ‍ॅसिसल्फेम-के, ९५१ म्हणजे अ‍ॅस्पार्टेम, ९५५ म्हणजे सुक्रालोज आणि ९६० म्हणजे स्टीव्हियातील गोड घटक. सुक्रालोज साखरेच्या सुमारे ६०० पट गोड असून १९७६ मध्ये लंडनच्या प्रयोगशाळेत ते चाखून त्याची गोडी ओळखणारे संशोधक शशिकांत फडणीस होते, हे जाता जाता सांगते. युरोपातून कोणी कोक झिरो आणला, तर त्यावर ९५२ म्हणजे सायक्लामेट दिसू शकते. ते अमेरिकेत १९६९ पासून बंद आहे आणि युरोपात मर्यादेत चालते.

आपल्या हवामानात एक गोष्ट मुद्दाम पाहावी. अ‍ॅस्पार्टेम आम्ल पेयात हळूहळू विघटित होते आणि उष्णतेने हा वेग वाढतो. एप्रिल-मे महिन्यांत दुकानाबाहेर उन्हात रचलेल्या क्रेटमधील डाएट कोला म्हणूनच कधी कधी फिका आणि बेचव लागतो. त्याने विषबाधा वगैरे होत नाही, पण चवीसाठी पैसे मोजतो आहोत तर उत्पादनाची तारीख पाहून, सावलीतली किंवा फ्रिजमधली बाटली घ्यावी.

सुरक्षिततेविषयी समाजमाध्यमांवर बरेच काही फिरते, त्यामुळे जे स्पष्ट आहे तेवढे मांडते. जुलै २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अ‍ॅस्पार्टेमला ‘२ ब’ या गटात, म्हणजे कर्करोगास कारणीभूत ठरण्याची शक्यता आहे पण पुरावा मर्यादित आहे अशा गटात टाकले. त्याच दिवशी अन्नातील मिश्रकांचे मूल्यमापन करणाऱ्या संयुक्त तज्ज्ञ समितीने शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला ४० मिलिग्रॅम ही जुनी मर्यादा कायम ठेवली. एका कॅनमध्ये २०० ते ३०० मिलिग्रॅम अ‍ॅस्पार्टेम धरले, तर ७० किलोच्या माणसाला ही मर्यादा ओलांडायला दिवसाला नऊ ते चौदा कॅनहून जास्त प्यावे लागतील. पहिल्या संस्थेने ‘धोका असू शकतो का’ हे पाहिले आणि दुसऱ्या समितीने ‘किती प्रमाणात’ हे पाहिले. वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत मात्र फक्त पहिली बातमी आली. फिनाइलकीटोन्युरिया हा जन्मजात विकार असलेल्यांनी अ‍ॅस्पार्टेम पूर्णपणे टाळायचे असते आणि बाटलीवर तशी सूचना छापलेली असते.

मे २०२३ मधील जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक सूचना याहून महत्त्वाची आहे. वजन आटोक्यात ठेवण्याचे साधन म्हणून साखरेतर स्वीटनर वापरू नयेत, असे ती सांगते. दीर्घकालीन निरीक्षणांत त्यांचा तसा फायदा दिसत नाही. ज्यांना आधीच मधुमेह आहे त्यांना मात्र ती लागू होत नाही, हे तिच्यातच नमूद आहे. या पेयांनी वजन आपोआप उतरत नाही, हे मीही रोज पाहते. बाटली बिनसाखरेची आहे म्हणून सोबत फरसाणाची पुडी उघडली जाते आणि वाचलेल्या २०० कॅलरी दहा मिनिटांत परत येतात. काही प्रयोगांत सॅकरिन आणि सुक्रालोज यांनी काही व्यक्तींच्या आतड्यांतील जिवाणूंत आणि साखरेला मिळणाऱ्या प्रतिसादात बदल घडवल्याचेही आढळले आहे. तो प्रतिसाद माणसागणिक वेगळा होता. म्हणून मी बिनसाखरेच्या कोलाला आरोग्यपेय म्हणत नाही, साखरेपासून दूर जाण्याची मधली पायरी म्हणते.

कोणाला किती चालेल हे परिस्थितीवर अवलंबून आहे. कोलाला आंबटपणा फॉस्फोरिक आम्लाने येतो, यादीत ते ३३८ या क्रमांकाने दिसते. मूत्रपिंडांचे काम मंदावले असेल, तर शरीराला फॉस्फरस बाहेर टाकणे जड जाते आणि पेयांमधला असा फॉस्फरस अन्नातल्यापेक्षा अधिक सहज शोषला जातो. आपले क्रिअ‍ॅटिनिन आणि लघवीतील अल्ब्युमिन तपासलेले नसेल तर आधी तपासून घ्या. त्यात दोष निघाला तर माझा सल्ला बदलेल, मग साखर असो वा नसो, गडद कोला नकोच. आम्लपित्ताचा त्रास असेल तर वायू आणि कॅफिन दोन्ही तो वाढवू शकतात. दातांनाही शून्य साखरेने पूर्ण दिलासा मिळत नाही, कारण दातांवरचे कवच आम्लाने झिजते. घोट घोट तासभर पीत बसण्यापेक्षा एकदा पिऊन संपवावे, मग साध्या पाण्याने चूळ भरावी आणि लगेच ब्रश करू नये.

सवय सोडवताना, कोलातले नेमके काय हवे असते, हे मी आधी शोधायला लावते : गोडी, थंडपणा, वायूची चुरचुर की कॅफिन? आपली वेळ जेवणानंतरची आणि जागा ऑफिसची आहे, त्यावरून मला कॅफिनचा संशय येतो. जेवणात भात भरपूर असला की तासाभरात डोळे मिटू लागतात आणि कोला तरतरी आणतो. असे असेल तर भात निम्मा करून उसळ आणि कोशिंबीर वाढवा, जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटे चाला आणि मग बिनसाखरेचा चहा किंवा कॉफी घेऊन पाहा. चुरचुर हवी असेल तर साधा सोडा, लिंबू आणि चिमूटभर जिरेपूड पुष्कळांना पुरते. रक्तदाब असेल तर मीठ घालू नका. थंडपणा हवा असेल तर ताक किंवा साखर न घातलेले कोकमाचे पाणी आहे. गोडीच हवी असेल, तरच झिरो कोलाचा खरा उपयोग होतो.

आपल्यासाठी प्रमाण सुचवायचे तर असे : मूत्रपिंडांच्या तपासण्या ठीक असतील, तर उद्यापासूनच साखरेची बाटली बंद करून तिच्या जागी झिरो घ्या, पण अर्ध्या लिटरऐवजी २५० ते ३०० मिलिलिटरची. महिनाभरानंतर ती एक दिवसाआड करा आणि पुढे आठवड्यातून एक-दोनदा, एवढ्यावर आणा. एकदम सगळे बंद करणाऱ्यांना कॅफिन तुटल्यामुळे दोन-तीन दिवस डोकेदुखी होते आणि ‘मला हे मानवत नाही’ म्हणत ते जुन्या बाटलीकडे परततात. टप्प्याटप्प्याने कमी केल्यास हे टळते. मुलांना मात्र यात सामील करून घेऊ नका. घरात डाएटची मोठी बाटली उघडली की ती सर्वांचीच होते, आणि स्वीटनर घातलेली पेये लहान मुलांसाठी नाहीत अशी सूचना आपल्याकडे लेबलवरच असते.

आपण लिहिलेले नाही, पण विचारणे भाग आहे म्हणून : मद्यात मिसळायला डाएट कोला वापरत असाल, तर साखर नसलेल्या मिश्रणासोबत मद्य जठरातून लवकर पुढे सरकते आणि रक्तातील पातळी अधिक चढते, असे प्रयोगांत दिसले आहे. ग्लिमेपिराइड घेणाऱ्याची शुगर मद्याने कित्येक तासांनी, झोपेतसुद्धा, खाली जाऊ शकते, म्हणून रिकाम्या पोटी हे कधीही करू नये.

शेवटचा मुद्दाही त्याच गोळीशी निगडित आहे. ग्लिमेपिराइडमुळे जेवण चुकले किंवा श्रम जास्त झाले की शुगर ७० च्या खाली उतरू शकते. हातपाय थरथरणे, घाम आणि घाबरल्यासारखे होणे ही तिची लक्षणे आहेत. त्या वेळी १५ ग्रॅम साखर लागलीच पोटात जावी लागते आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे लागते. भारतातील साध्या कोलाच्या सुमारे १५० मिलिलिटरमधून ती मिळते. झिरो किंवा डाएटमधून काहीच मिळत नाही, आणि मेहुण्यांकडच्या पेप्सीच्या तेवढ्याच मापात सात ग्रॅमही भरत नाहीत. घाईत सहकाऱ्याने ‘कोला दे’ म्हणून हातात आलेली काळी बाटली दिली आणि ती झिरोची निघाली, तर मोलाची मिनिटे वाया जातात. म्हणून ऑफिसच्या खणात ग्लुकोजच्या पावडरीचा डबा ठेवा आणि शेजारी बसणाऱ्याला तो दाखवून ठेवा. आपल्या गोळीच्या पाकिटावर मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइडबरोबर व्होग्लिबोज हे तिसरे नाव आहे का, तेही पाहा. ते असेल तर साध्या साखरेचे पचन मंदावते, त्यामुळे शुगर उतरल्यावर साखरेचा कोला किंवा साखर-पाणी वेळेत काम करत नाही. तेव्हा ग्लुकोजच घ्यावे लागते.